फुलमाळ्याची विद्या आणि तिचें मोल

श्रोतेहो, जवळा बाजार या आमच्या गांवाच्या नांवांतच बाजार आहे. एका बाजूस औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग, दुसऱ्या बाजूस वसमत, आणि भोंवतालच्या काळ्या रानांत ऊस व हळद. हळद शिजवून वाळविली म्हणजे भाव येईपर्यंत घरांत ठेवितां येते. कापूसही कांहीं दिवस वाट पाहतो. फूल मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. पहांटे खुडलेलें फूल दुसऱ्या दिवशीं निर्माल्य होतें. ज्या मालाचें आयुष्य एका दिवसाचें, त्यावर माणसानें आपला संसार कसा उभारावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जुन्या गांवगाड्यांत हा प्रश्न फारसा उठत नसे. देवळांत बेल-फूल पोंचविणें हें गुरवाचें काम. कांहीं गांवीं माळ्याची गणना अलुतेदारांत होत असे. मोबदला खळ्यावरच्या धान्यानें मिळे. फुलाला भाव नव्हता, तर फूल देणाऱ्याला हक्क होता. अरणचे संत सावता माळी यांनीं 1295 सालीं समाधि घेतली. त्यांच्या काळचा मळा आपण डोळ्यांसमोर आणूं लागलों, कीं हटकून पिवळा झेंडू दिसूं लागतो. पण झेंडू आणि निशिगंध हीं दोन्हीं झाडें मूळचीं मेक्सिकोकडील. पाश्चात्यांच्या सागरी व्यापारानंतरच तीं आपल्याकडे आलीं. दसऱ्याचें जें तोरण आपण अनादि काळचें मानतों, त्यांतील मुख्य फूलच परदेशांतून आलेलें आहे! यावरून एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं फुलमाळ्याचा धंदा परंपरेचा दिसला, तरी नवें स्वीकारल्यावांचून तो कधींच चाललेला नाहीं.

या धंद्यांत नांव मिळविणाऱ्या घराण्याचें ठळक उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रांत सांपडतें. त्यांचें मूळ आडनांव गोऱ्हे. मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. तेथून हें घराणें पुरंदरांतील खानवडीस आलें, आणि पुढें जोतीरावांचे आजोबा शेटिबा पोटासाठीं पुण्यास आले. शेटिबांच्या मागें राणोजी, कृष्णा व गोविंद हे तीन मुलगे एका फुलमाळ्याच्या आश्रयास राहिले. हीं मुलें चलाख आहेत असें पाहून त्यानें त्यांना आपली विद्या शिकविली. मीं येथें विद्या हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. कोणती कळी उद्यां उमलेल, कोणता दोरा पाकळी कापील, ओलें फूल टोपलींत किती वेळ टिकेल, हें पुस्तकांत नसतें. तें हाताला कळावें लागतें. या बंधूंनीं हार-गजऱ्यांबरोबर फुलांच्या गाद्या व तक्के अशा वस्तु सिद्ध केल्या. त्यांचें कसब पेशव्यांपर्यंत पोंचलें, सुमारें 35 एकर जमीन इनाम मिळाली, आणि लोक गोऱ्ह्यांना फुले म्हणूं लागले. धंद्यानें आडनांव बदलावें, याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

पण कथा येथें संपत नाहीं. चरित्रकार सांगतात, कीं थोरल्या राणोजींनीं तें इनाम एकट्याच्या नांवें करून घेतलें. फुलें तिघांनीं ओविलीं, जमीन मात्र एकाची झाली. 1818 सालीं पेशवाई संपली व राजवाड्याचें गिऱ्हाईकही गेलें. गोविंदराव भाजीपाल्याचें दुकान व शेती यांवर संसार चालवूं लागले. 1827 सालीं जन्मलेल्या त्यांच्या मुलास मध्यंतरीं शाळेंतून काढून शेतांत नेण्यांत आलें. मुन्शी गफार बेग व लेजिटसाहेब यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, म्हणूनच 1841 सालीं तो पुन्हां शाळेंत गेला. आणि त्यानेंच 1848 सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली.

ही हकीकत मीं वर्गांत अनेकदां शिकविली. त्याच वर्षांत श्रावण महिन्यांत फुलमाळ्यांचीं मुलें उशिरां येत, आणि मी त्यांना दाराबाहेर उभें करीत असें. त्यांच्या बोटांना लागलेला फुलांचा पिवळा रंग मला दिसत होता, पण तीं मुलें पहांटे चारपासून कामावर होतीं, हें मीं कधीं विचारलें नाहीं. शिकविलेला धडा स्वतः शिकावयास मला फार उशीर लागला.

आज राजवाडा नाहीं, बाजार आहे. दादरची फूलमंडई, पुण्याचें गुलटेकडी, आपल्याजवळचें नांदेड, येथें भाव प्रत्यहीं ठरतो. झेंडूचें रोप लावल्यापासून सुमारें दोन महिन्यांनीं फुलतें. म्हणून जो तो दसऱ्याचा हिशेब करून लावणी करतो, सर्वांचा माल एकाच सकाळीं येतो, आणि भाव कोसळतो. ज्याला फूल केवळ पिकवितां येतें, तो येथें बुडतो. ज्याला निवडतां, ओवतां, मंडप सजवितां येतो आणि गिऱ्हाइकाशीं आगाऊ बोलणें करतां येतें, तो तरतो. दोन-तीन जातींचीं फुलें मागें-पुढें लावावीं, वाया जाणाऱ्या मालाचा हिशेब भावांत धरावा, आणि सणावरच सारी भिस्त ठेवूं नये. या धंद्यांत पडूं इच्छिणाऱ्या तरुणांना मी इतकेंच सांगेन.

मात्र आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्या घरोघर रात्रीं हार ओवतें कोण? बहुधा आई, बहीण, भावजय. दुकानावरची पाटी कोणाच्या नांवाची? पैसे कोणाच्या खात्यांत जातात? इनामाचा कागद एकाच्या नांवें झाल्यानें दोन भावांचें काय झालें, हें आपण आतांच ऐकलें. हाराच्या आंतला दोरा दिसत नाहीं. परंतु तो तुटला, तर एकही फूल जागेवर राहत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, दुकान काढाल त्या दिवशीं पहिला हार देवाला अवश्य वाहा. पण हिशेबाच्या वहींत पहिलें नांव ओवणारीचें लिहा.