गाडीरस्ता, खिंड आणि सायकल : माल्योर्का बेटावरील पर्वतमार्गांचा इतिहास

१

पर्वतातील निवांत रस्ता ही निसर्गाची देणगी होय, असा एक समज प्रवासवर्णनांनी रूढ केला आहे. वस्तुतः रस्ता हा मनुष्याच्या श्रमाचा परिपाक असतो आणि त्यावरील निवांतपणाही बहुधा एखाद्या आर्थिक स्थित्यंतरातून उत्पन्न झालेला असतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात सायकलस्वार ज्याला शांत घाट म्हणून पसंत करतात, तो पुष्कळदा ज्या कामासाठी बांधला ते काम दुसरीकडे गेलेला, परंतु अद्याप न मोडलेला रस्ता असतो. स्पेनच्या बॅलिएरिक द्वीपसमूहातील माल्योर्का (इंग्रजी नकाशांतील मॅजोर्का) या बेटाचा इतिहास या विधानाच्या परीक्षेस विशेष सोयीचा आहे. तेथे एकाच डोंगररांगेत खेचराची वाट, गाडीरस्ता, रेल्वे आणि मोटारीचा बोगदा हे वाहतुकीचे चार थर एकमेकांलगत पाहावयास मिळतात.

२

बेटाच्या वायव्य किनाऱ्याला समांतर अशी सुमारे ९० किलोमीटर लांबीची सेर्रा दे त्रामुंताना ही चुनखडकाची रांग पसरली आहे. तिचे सर्वोच्च शिखर सुमारे १,४४० मीटर उंच आहे. उंची फार नसली, तरी कडे थेट समुद्रात उतरत असल्यामुळे रांगेपलीकडील खोरी बेटाच्या मैदानापासून दीर्घकाळ तुटलेली राहिली.

या एकाकीपणाची साक्ष स्थलनामे देतात. दहाव्या शतकाच्या आरंभापासून १२२९ पर्यंत बेटावर मुसलमानी सत्ता होती. त्या वर्षी आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने बेट जिंकले आणि कातालान भाषा तेथे रुजली. तथापि, ‘बिनि’ने आरंभ होणारी बिनियाराइशसारखी गावांची नावे अरबी वळणाचीच राहिली. कातालानमधील ‘कोल’ हा शब्द लॅटिनमधील ‘कोल्लुम’, म्हणजे मान, या शब्दापासून आला आहे. मराठीत त्याचे भाषांतर ‘घाट’ असे करण्याचा मोह होतो. परंतु घाट म्हणजे चढउताराचा सबंध मार्ग, तर कोल म्हणजे दोन शिखरांमधील खोलगट माथा. म्हणून ‘खिंड’ हाच त्याचा योग्य पर्याय ठरतो.

या खिंडींतून जाणाऱ्या सर्वांत जुन्या वाटेला कातालानमध्ये ‘कामी दे फेर्रादुरा’, अर्थात नालेची वाट, म्हणतात. नाल ठोकलेले जनावर हे तिचे परिमाण होते. खेचराला पायऱ्या चालत असल्यामुळे ही वाट चढ फारसा न टाळता वर जाई. ऑलिव्हचे तेल, लाकडी कोळसा आणि हिवाळ्यात खड्ड्यांत चेपून साठविलेले बर्फ या वाटांनी खाली येत असे. वाटेच्या कडेचे बिनचुन्याचे गडगे आणि उतारावरील मजग्यांचे ताल हे दगड रचणाऱ्या कारागिरांचे काम होते. या कारागिरांना स्थानिक बोलीत ‘मार्जे’ असे स्वतंत्र नाव आहे. व्यवसायाला स्वतःचे नाव मिळावे, एवढे ते काम मोठे होते.

३

एकोणिसाव्या शतकात पाल्मा हे राजधानीचे नगर आणि सोल्येरचे खोरे यांना जोडणारा गाडीरस्ता सुमारे ५०० मीटर उंचीच्या सोल्येर खिंडीवरून नेण्यात आला. चाकाला पायरी चालत नाही आणि ओढीचे जनावर भरलेली गाडी घेऊन फार खडा चढ चढू शकत नाही. म्हणून रस्ता आखणाऱ्यांनी अंतर वाढवून चढ सौम्य केला. शंभर मीटर अंतरास पाच ते सहा मीटर, असे चढाचे प्रमाण ठेवण्यासाठी रस्त्याला माघारी वळणावर वळण द्यावे लागले. त्या वळणांत आज सौंदर्य दिसत असले, तरी मुळात तो जनावराच्या ताकदीचा हिशेब होता.

सोल्येरची संत्री यापूर्वीपासूनच जहाजांनी फ्रान्सच्या बंदरांत जात असत. पुढे झाडांवर रोग पडल्यावर अनेक कुटुंबे त्याच मार्गाने फ्रान्सला स्थलांतरित झाली. पाल्मापेक्षा फ्रान्सशी या खोऱ्याचा संबंध अधिक जवळचा होता असे म्हणणे वावगे ठरणार नाही. हे अंतर तोडण्यासाठी १९१२ साली २७ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. तिचा मुख्य बोगदा जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. १९२९ मध्ये ती विजेवर चालू लागली.

४

जनावरासाठी आखलेला चढ सायकलीला अनुकूल ठरावा, यामागील कारण यांत्रिक आहे. सायकलसह ८५ किलो भरणारा स्वार ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जाऊ लागला, की त्याला सुमारे १५० वॉट शक्ती खर्चावी लागते. चढ १२ टक्के झाल्यास त्याच वेगासाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते, आणि ती सामान्य माणूस फार वेळ पुरवू शकत नाही. ओढीचे जनावर आणि सायकलस्वार या दोहोंना अल्प शक्ती दीर्घकाळ पुरवावी लागते. म्हणून एकाचा रस्ता दुसऱ्याच्या उपयोगी पडला.

मात्र त्यासाठी सायकलीतही बदल व्हावा लागला. प्रॉव्हान्समधील पेर्न येथे १८५३ साली जन्मलेले पॉल द विव्ही यांनी १८८७ पासून सेंत-एतियेन येथून नियतकालिक चालविले. व्हेलोसिओ या टोपणनावाने त्यांनी पर्वतप्रवासासाठी बदलत्या गिअरचा आग्रहाने पुरस्कार केला. स्पर्धांचे चालक या सोयीकडे दुबळेपणाची खूण म्हणून पाहत. फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘तूर’ शर्यतीत साखळी सरकविणाऱ्या गिअरला मुभा मिळाली ती १९३७ साली. पर्वतातील सायकल प्रथम हौशी प्रवाशांनी आपलीशी केली आणि शर्यतवाल्यांनी ती मागाहून पत्करली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

याच काळात माल्योर्कात वेगळ्या हेतूचे रस्ते निर्माण होऊ लागले. पर्यटनवृद्धीसाठी तेथे १९०५ मध्येच संस्था स्थापन झाली होती. आंतोनी पारिएत्ती कोल या स्थापत्य अभियंत्याने फोर्मेंतोर भूशिराकडे जाणारा आणि १९३२ मध्ये पूर्ण झालेला सा कालोब्राचा, असे दोन रस्ते आखले. (त्याच्या मातृकुलाचे नावही ‘कोल’ असावे, हा निव्वळ योगायोग होय.) सा कालोब्राचा रस्ता ६८२ मीटर उंचीच्या खिंडीवरून समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतो आणि तेथेच संपतो. एके ठिकाणी तो स्वतःभोवती वळून स्वतःच्याच पुलाखालून जातो. या वळणाला ‘नेकटायची गाठ’ असे नाव पडले आहे. ‘कालोब्रा’ हा शब्द सर्पवाचक लॅटिन शब्दाशी जोडला जातो. परंतु ग्रामनाम रस्त्याहून जुने असल्याने नागमोडी रस्त्यावरून ते पडले, ही लोकव्युत्पत्ती टिकत नाही. ‘सा’ हे उपपद लॅटिन ‘इप्सा’पासून आलेले असून बेटावरील बोलीचे ते ठळक लक्षण आहे.

या रस्त्याने मालाची ने-आण करावी असे त्याच्या टोकाशी काहीही नव्हते. प्रेक्षणीय स्थळाकडे जाणारा रस्ता स्वतःच प्रेक्षणीय झाला. चढाचे सरासरी प्रमाण ७ टक्के ठेवल्यामुळे तोही, मोटारीसाठी बांधलेला असूनही, जुन्या गाडीरस्त्याच्या कुळात बसतो.

५

१९९७ साली सोल्येर खिंडीखालून सुमारे तीन किलोमीटरचा मोटारींचा बोगदा खुला झाला. त्यातून सायकलींना मज्जाव आहे. मोटारी खाली गेल्या आणि वरचा गाडीरस्ता एकाएकी रिकामा झाला. बोगद्यासाठी पथकर द्यावा लागे तोवर काही मोटारचालक जुना मार्ग धरीत. डिसेंबर २०१७ मध्ये पथकर उठल्यावर तेही कारण उरले नाही. खिंडीवरील शांतता अशी बोगद्याच्या उदरातून जन्मली. फोर्मेंतोरच्या रस्त्यावर ती नियमाने आणावी लागली : २०१८ पासून उन्हाळ्यात दिवसाच्या ठरावीक वेळी खाजगी मोटारींना तेथे बंदी घालण्यात आली. सा कालोब्राला असे कोणतेच कारण लाभले नाही. पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वीचा पहाटेचा प्रहर, एवढीच तेथील शांततेची मर्यादा आहे.

१९८० च्या दशकापासून जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येथील सायकलस्वार वसंत ऋतूत बेटावर मोठ्या संख्येने येऊ लागले. हॉटेलांना हिवाळ्याअखेरच्या ओस दिवसांत गिऱ्हाईक मिळाले. परंतु अरुंद रस्त्यावर जथ्याने चालणाऱ्या सायकलींबद्दल रहिवाशांच्या तक्रारीही उद्भवल्या, आणि २०२४ मध्ये पाल्मा येथे अतिपर्यटनाविरुद्ध मोठी निदर्शने झाली. शांततेच्या शोधात निघालेला समुदाय स्वतःच शांततेचा भंग करू शकतो.

६

तथापि, याहून मूलभूत प्रश्न शांततेच्या मोलाचा आहे. रस्त्याकडेच्या मजग्या विसाव्या शतकात क्रमाने ओस पडल्या. बर्फ साठविणे यंत्राने बनविलेल्या बर्फामुळे थांबले, आणि कोळसे पाडणारे नव्या इंधनांमुळे डोंगर सोडून गेले. ज्या उतारावर सायकलस्वाराला पक्ष्यांखेरीज काही ऐकू येत नाही, तेथे एकेकाळी घण, कुऱ्हाड आणि खेचरांच्या नाला वाजत होत्या. ‘युनेस्को’ने २०११ साली त्रामुंतानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती निसर्गप्रदेश म्हणून नव्हे, तर सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून, २०१८ मध्ये बिनचुन्याच्या दगडकामाची कलाही, अनेक देशांतील परंपरांसह, अमूर्त वारशाच्या यादीत आली. या दोन निर्णयांत एक व्यावहारिक सूचना अनुस्यूत आहे. ताल ढासळला, की पावसाळ्यात माती वाहून जाते आणि मागाहून रस्त्याची कडही खचते. गडगे रचणारा हात उरला नाही, तर वळणे फार काळ उरणार नाहीत.

सारांश, माल्योर्कातील सायकलमार्गाचा इतिहास हा केवळ क्रीडेचा इतिहास नव्हे. खेचराने वाट दिली, गाडीने चढाचे प्रमाण ठरविले, पर्यटनाने टोकाचे रस्ते बांधले आणि बोगद्याने जुना रस्ता मोकळा केला. सायकलस्वार हा या सर्वांचा शेवटचा वारसदार आहे. वारसदाराला मिळकत फुकट मिळते, तरी तिची डागडुजी त्याला चुकत नाही. ती कोणी आणि कोणाच्या खर्चाने करावयाची, याचा निर्णय त्रामुंतानात अजून व्हावयाचा आहे.