रिऊक्यू बेटे

जपानच्या क्यूशू बेटापासून तैवानच्या दिशेने कमानीप्रमाणे पसरलेली द्वीपमालिका. तिच्या पूर्वेस पॅसिफिक महासागर व पश्चिमेस पूर्व चिनी समुद्र असून ओकिनावा (सु. १,२०० चौ. किमी.) हे सर्वांत मोठे बेट आहे. टायफून वादळांच्या मार्गातील या बेटांवर शेतजमीन थोडी. परंतु चीन, जपान व आग्नेय आशिया यांना जोडणाऱ्या सागरी मार्गांवरील स्थानामुळे येथे स्वतंत्र राज्य भरभराटीस आले आणि त्याच स्थानामुळे ते बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडले.

चौदाव्या शतकात ओकिनावावर होकुझान, चूझान व नानझान ही तीन राज्ये होती. चूझानचा राजा सात्तो याने १३७२ मध्ये चीनच्या मिंग दरबाराशी मांडलिकीचे संबंध जोडले. १४२९ मध्ये शो हाशी याने तिन्ही राज्ये एकत्र केली. शुरी ही राजधानी व नाहा हे बंदर होते. चिनी रेशीम व मातीची भांडी नाहाहून जपान, कोरिया, सयाम व मलाक्का येथे जात. परतीच्या जहाजांतून मिरी व सुगंधी लाकूड येई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आगमनानंतर हा व्यापार ओसरला.

सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने १६०९ मध्ये स्वारी करून राजा शो नेई यास कैद केले व आमामी बेटे बळकावली. तथापि चीनशी चाललेला व्यापार हातचा जाऊ नये, म्हणून राजास पुन्हा गादीवर बसविण्यात आले व जपानी वर्चस्व चिनी दूतांपासून लपविण्यात आले. या दुहेरी मांडलिकीचा भार रयतेवर पडला. मियाको व याएयामा बेटांवरील डोईपट्टी १९०३ पर्यंत चालू होती. याच काळात कुमिओदोरी हे नृत्यनाट्य निर्माण झाले. त्याचा पहिला प्रयोग १७१९ मध्ये चिनी दूतांसमोर झाला.

जपानने १८७९ मध्ये हे राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत बनविला. शाळेत स्वभाषा बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकविली जाऊ लागली. १९४५ च्या लढाईत सु. १,२०,००० ओकिनावावासी मृत्युमुखी पडले व शुरीचा किल्ला उद्ध्वस्त झाला. अमेरिकेच्या अंमलाखालील ओकिनावा १५ मे १९७२ रोजी जपानला परत मिळाले. मात्र लष्करी तळ कायम राहिले. जपानच्या सु. ०·६ टक्के भूमीवरील या प्रांतात अमेरिकी तळांखालील सु. ७० टक्के क्षेत्र आहे.

शुरीच्या किल्ल्याची १९९२ मध्ये झालेली पुनर्रचना २०१९ च्या आगीत भस्मसात झाली व ती पुन्हा हाती घ्यावी लागली. भाषांची स्थिती अधिक बिकट आहे. यूनेस्कोने २००९ मध्ये येथील सहा भाषा नष्टप्राय होण्याच्या मार्गावरील म्हणून नोंदविल्या.