महाराष्ट्र विधानसभा : रचना, इतिहास आणि मुस्लिम प्रतिनिधित्व

निवडणूक आली की मोहल्ल्यात, चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर एकच चर्चा असते, यावेळी आपले किती आमदार येणार? पण विधानसभा नेमकी कशी बनते, तिच्यात २८८ च जागा का, राखीव जागा कुणासाठी, पूर्वी मुस्लिमांसाठी वेगळ्या जागा होत्या म्हणतात ते खरं का, याची माहिती अनेकांना नसते. ती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

विधानसभा म्हणजे काय?

महाराष्ट्राच्या विधिमंडळात दोन सभागृहे आहेत. विधानसभा हे खालचे सभागृह आणि विधान परिषद हे वरचे. विधानसभेचे सगळे २८८ आमदार थेट जनतेच्या मतांनी निवडून येतात. परिषदेच्या ७८ जागा मात्र आमदार, स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर, शिक्षक आणि राज्यपाल नियुक्त अशा वेगवेगळ्या मार्गांनी भरल्या जातात.

नाव खालचे असले तरी खरी ताकद याच सभागृहात आहे. सरकार विधानसभेला जबाबदार असते. बहुमतासाठी १४५ आमदार लागतात. अर्थविषयक विधेयक आधी इथेच मांडावे लागते. मुदत पाच वर्षांची, उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे. कामकाज चालवायला एक दशांश म्हणजे २९ सदस्य हजर असावे लागतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपुरात घेण्याचा प्रघात आहे. त्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे.

राखीव जागा किती?

२८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उरलेल्या २३४ जागा खुल्या. अँग्लो-इंडियन समाजाचा एक सदस्य नेमण्याची तरतूद होती, ती जानेवारी २०२० पासून बंद झाली. ओबीसींना ग्रामपंचायत, नगरपालिकेत आरक्षण आहे, विधानसभेत नाही. धर्माच्या आधारावर एकही जागा राखीव नाही.

इथे एक मुद्दा आपल्या लोकांनी लक्षात ठेवावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. त्यामुळे मुस्लिम समाजातल्या मागास जातीचा माणूस या २९ जागांवर उभा राहू शकत नाही. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्लांमध्ये मोठ्या संख्येने मुस्लिम आहेत, ते चोपड्यासारख्या राखीव मतदारसंघात उभे राहू शकतात. २००६ च्या सच्चर समितीनेही मुस्लिम मतदार जास्त असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्याकडे देशपातळीवर लक्ष वेधले होते.

स्वतंत्र मतदारसंघांचा काळ

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांपासून मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ सुरू झाले. म्हणजे त्या जागांवर उमेदवारही मुस्लिम आणि मतदारही मुस्लिम. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला १७५ सदस्यांची विधानसभा मिळाली. त्यात २९ जागा मुस्लिमांसाठी आणि वेगळी एक जागा मुस्लिम महिलेसाठी होती. त्या काळी मतदानाचा हक्क सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. गरीब माणूस यादीबाहेरच राहिला.

१९३७ मध्ये पहिली निवडणूक झाली. बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं, त्यात एम. वाय. नुरी मंत्री होते. गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष बनले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच सभागृहात होते आणि कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी इथेच मांडलं.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीपुढे अल्पसंख्याकांसाठी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा ठेवण्याचा प्रस्ताव होता. मे १९४९ मध्ये तो मागे घेण्यात आला. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीही राखीव जागा नकोत अशीच भूमिका घेतली होती. तेव्हापासून मुस्लिम उमेदवार निवडून येतो तो सर्वांच्या मतांवर.

३१५ पासून २८८ पर्यंत

१९५२ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ सदस्य होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ जोडून मोठं द्विभाषिक राज्य झालं आणि १९५७ च्या निवडणुकीत ३९६ जागा झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. २६४ आमदार महाराष्ट्राकडे, १३२ गुजरातकडे. तीच महाराष्ट्राची पहिली विधानसभा. म्हणूनच १९६२ पासून १४ निवडणुका झाल्या तरी सध्याची विधानसभा पंधरावी आहे.

१९६७ ला २७० जागा आणि १९७८ पासून २८८. पुढे २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची नवी आखणी झाली, ती २००९ च्या निवडणुकीपासून लागू आहे. सीमा बदलल्या, पण एकूण आकडा तोच राहिला. मुंबईच्या वाट्याला ३६ जागा आहेत.

सत्तेचं गणितही बदलत गेलं. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या होत्या. १९७८ ला जनता पक्ष ९९ जागांसह पहिला आला आणि एकपक्षीय बहुमताला पहिला धक्का बसला. १९९५ ला शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून युतीचं सरकार आलं. २०१४ ला भाजप १२२ वर पोहोचला. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. पक्षांतरबंदीचा निर्णय घेणारं अध्यक्षपद किती महत्त्वाचं असतं, ते तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं.

सध्याचे सभागृह

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं, २३ ला निकाल लागला. प्रमुख पक्षांचे निवडून आलेले आमदार असे :

भाजप – १३२
शिवसेना (शिंदे) – ५७
राष्ट्रवादी काँग्रेस (अजित पवार) – ४१
शिवसेना (उद्धव ठाकरे) – २०
काँग्रेस – १६
राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार) – १०
समाजवादी पक्ष – २
एमआयएम – १

बाकी जागा लहान पक्ष आणि अपक्षांकडे गेल्या. राहुल नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले.

मुस्लिम आमदार : १० वर अडकलेला आकडा

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे ११.५४ टक्के. त्या प्रमाणात हिशेब केला तर आकडा ३३ च्या आसपास येतो. प्रत्यक्षात २०१९ ला १० मुस्लिम आमदार निवडून आले, २०२४ लाही १० च.

२०२४ चे दहा आमदार : अमीन पटेल (मुंबादेवी), अस्लम शेख (मालाड पश्चिम) आणि साजिद खान पठाण (अकोला पश्चिम) – काँग्रेस. हसन मुश्रीफ (कागल) आणि सना मलिक (अणुशक्तीनगर) – राष्ट्रवादी, अजित पवार. अबू आझमी (मानखुर्द शिवाजीनगर) आणि रईस शेख (भिवंडी पूर्व) – समाजवादी. हारून खान (वर्सोवा) – शिवसेना, ठाकरे. अब्दुल सत्तार (सिल्लोड) – शिवसेना, शिंदे. मुफ्ती इस्माईल (मालेगाव मध्य) – एमआयएम.

या निवडणुकीत सर्व समाजांच्या मिळून २१ महिला आमदार झाल्या. त्यात मुस्लिम महिला एकच, सना मलिक. महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदा लागू झाल्यावर २८८ पैकी ९६ जागा महिलांसाठी असतील. त्यासाठी आपल्या घरांतून तयारी आहे का, हा प्रश्न आतापासूनच विचारायला हवा.

जरा बारकाईने पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. कागलमध्ये मुस्लिम मतदार थोडे, तरी हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले. उलट मुंब्रा-कळव्यात मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने असून तिथे जितेंद्र आव्हाड सातत्याने जिंकतात. म्हणजे नुसत्या लोकसंख्येवर आमदार ठरत नाही, आणि आमदार आपल्याच समाजाचा असला तरच काम होतं असंही नाही. दुसरं म्हणजे, एकेक मत किती मोलाचं असतं. मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. औरंगाबाद पूर्वमध्ये इम्तियाज जलील २,१६१ मतांनी हरले.

लक्षात राहणारी नावं

बॅरिस्टर अ. र. अंतुले हे राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जून १९८० ते जानेवारी १९८२ हा त्यांचा काळ. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच काळात झाले, कुलाब्याचं नाव रायगड झालं. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना पद सोडावं लागलं. रफिक झकेरिया १९६२ ला औरंगाबादहून निवडून आले आणि मंत्री झाले. मालेगावचे समाजवादी नेते निहाल अहमद १९८० च्या दशकात विरोधी पक्षनेते होते. अध्यक्षपद मात्र १९६० पासून एकाही मुस्लिम आमदाराकडे गेलेलं नाही.

मतदारांनी काय करावं?

आमदाराचं काम नुसतं कब्रस्तानची भिंत आणि गल्लीतला रस्ता नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही त्याची खरी हत्यारं. २०१४ च्या जुलैत मुस्लिमांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला तेव्हा स्थगिती दिली नव्हती. पण वटहुकुमाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो संपला. विधानसभेत विधेयक मंजूर होणं म्हणजे काय, हे यावरून समजतं.

तेव्हा आपल्या आमदाराने कोणता प्रश्न मांडला, कोणत्या विधेयकावर तो बोलला, हे विचारत राहा. तो कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही समाजाचा असो. आणि मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव बरोबर आहे का, विशेषतः सासरी आलेल्या सुनांचं आणि १८ पूर्ण केलेल्या मुलामुलींचं, ते निवडणूक जाहीर होण्याआधीच तपासून घ्या. मालेगावचा निकाल १६२ मतांवर लागला, तेवढी नावं तर एका मोहल्ल्यातच राहून जातात.