दिनविशेष : २१ मे – शहिदांच्या कबरी राखणारे हात

२१ मे १९१७ रोजी ब्रिटनमध्ये राजसनदेने युद्धकबर आयोग स्थापन झाला. फ्रान्समध्ये रेडक्रॉसच्या पथकाचे प्रमुख असताना सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवू लागलेले फेबियन वेअर हे त्यामागचे मुख्य नाव. हुद्दा, धर्म, वंश काहीही असो, प्रत्येकाची आठवण सारखीच जपायची, हे आयोगाचे तत्त्व. पहिल्या महायुद्धानंतर कबरींची निगा राखायला माळी म्हणून आले ते बहुतांशी माजी सैनिकच. ज्यांच्याबरोबर लढले, त्यांच्याच उशाशी ते फुलझाडे लावत राहिले. यापेक्षा मोठा पहारा कोणता?

तत्त्व मात्र सर्वांच्या बाबतीत पाळले गेले नाही. आशिया आणि आफ्रिकेतील हजारो सैनिकांना समान सन्मान मिळाला नाही, अशी कबुली आयोगाने २०२१ मध्ये दिली आणि माफी मागितली. साताऱ्याच्या अनेक गावांतून माणसे त्या महायुद्धावर गेली होती. आपल्याला ही कबुली म्हणूनच जवळची, आणि ती फार उशिरा आली.

पुण्याजवळ खडकीला आयोगाची युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक तिथे विसावले आहेत. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्यांचे स्मारकही तिथेच. लोणंदकरांना रेल्वेने पुणे गाठले की खडकी जवळच. मुलांना घेऊन एकदा जरूर जा, आणि तिथली हिरवळ राखणाऱ्या माळ्यांना नमस्कार करा.