घाट चढतानाच ट्रक का तापतो? नेमका बिघाड कसा ओळखायचा?

कसारा घाट असो की बोरघाट, चढणीला केबिन पुढे झुकवून उभा असलेला ट्रक आणि पाण्याचा कॅन घेऊन थांबलेला क्लीनर हे दृश्य नेहमीचं आहे. सपाट रस्त्यावर टेम्परेचरचा काटा जागेवर असतो आणि घाट लागला की लाल पट्ट्याकडे सरकतो. पाणी ओतून ट्रक पुढे निघतो, पण पुढच्या फेरीत पुन्हा तेच होतं.

हे दुखणं अंगावर काढलं तर सिलिंडर हेड वाकतं, गॅस्केट जातं. थर्मोस्टॅट बदलून भागणारं काम इंजिन उघडण्यावर जातं. एकाच ट्रकवर घर चालणाऱ्या मालकाला हे परवडणारं नाही.

घाटातच का?

४० टनांचा ट्रेलर दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावरून ताशी २० किलोमीटर वेगाने जातोय, असं समजा. फक्त वजन वर चढवायलाच सुमारे १४५ हॉर्सपॉवर लागते. ताकद जास्त लागली की डिझेल जास्त जळतं आणि उष्णताही वाढते. वेग मात्र कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. मग सगळी भिस्त फॅन, वॉटर पंप आणि रेडिएटरवर येते. यातला एखादा भाग अर्धवट काम करत असेल, तर सपाटीवर ते कळत नाही, घाटात लगेच कळतं.

तपासणी कशी करायची?

सोप्या आणि स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करायची.

१. काटा खरं सांगतोय का? सेन्सर बिघडला तरी काटा वर जातो. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळचं तापमान मोजलं की खरं-खोटं कळतं.

२. कूलंट: इंजिन पूर्ण थंड असताना पातळी बघा. होस पाइप, पंप, रेडिएटरच्या कडांना गळती आहे का, फॅनचा पट्टा सैल आहे का, हेही पाहा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं असेल, तर आत गंज आणि क्षार साचलेले असू शकतात.

३. रेडिएटरची जाळी: बऱ्याच ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो. दोघांच्या मधल्या फटीत माती आणि तेलकट धूळ अडकते. ती समोरून दिसत नाही.

४. फॅन: व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन तापल्यावर तो जोरात घोंघावायला हवा. काटा चढूनही हा आवाज आला नाही, तर फॅन क्लचवर संशय घ्यावा.

५. थर्मोस्टॅट: इंजिन तापलंय, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप कोमटच आहे? मग थर्मोस्टॅट उघडत नसावा. तो काढून पाण्यात तापवायचा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

६. रेडिएटर आतून: जाळीचा काही भाग गरम आणि काही भाग थंड लागत असेल, तर आतल्या नळ्या चोंदलेल्या आहेत.

७. हेड गॅस्केट: बाहेर गळती नाही, तरी कूलंट कमी होतं. टाकीत सतत बुडबुडे येतात. थंड इंजिन सुरू केल्यावर काही वेळातच पाइप दगडासारखे कडक होतात. ही गॅस्केटची लक्षणं आहेत. ईजीआर कूलर असलेल्या गाड्यांत तो फुटल्यावरही कूलंट गायब होतं, त्यामुळे तोही तपासून घ्यावा.

हे सगळं ठीक असेल तर कूलिंगच्या बाहेर बघायचं. ओव्हरलोड, अडकून राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच किंवा टर्बोच्या पाइपमधली गळती यांमुळेही इंजिनावर जादा ताण येतो.

ऐन घाटात काटा चढला तर?

वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. खालचा गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा कमी करा. इंजिनचे फेरे वाढले की पंप आणि फॅनही वेगाने फिरतात. एसी बंद करून हीटर सुरू केला तर थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. ऐन उन्हाळ्यात हे नकोसं वाटेल, पण उपयोग होतो.

तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा आणि चाकांना दगड लावा. कूलंट शिल्लक असेल तर इंजिन काही मिनिटं रिकामं चालू द्या, म्हणजे टर्बोही हळूहळू थंड होतो. वाफ निघत असेल किंवा कूलंट वाहून गेलं असेल, तर इंजिन लगेच बंद करा.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्याने १०० अंशांच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर, हातावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

मिस्त्रीकडे गेल्यावर नुसतं 'गाडी तापते' असं सांगू नका. किती चढ होता, कोणता गिअर होता, किती माल होता, फॅनचा आवाज आला का आणि किती कूलंट भरावं लागलं, हे सगळं सांगा. यावरून नेमका बिघाड लवकर सापडतो आणि चांगले भाग उगाच बदलले जात नाहीत.