चित्रपटगीतातील शोक आणि विरह : आवाजाच्या स्थानाचा इतिहास

नाट्यशास्त्रात भरताने करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांमधील भेद एका नेमक्या कसोटीवर सांगितला आहे. अश्रू, चिंता, दैन्य ही लक्षणे दोहोंत आढळतात. परंतु करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा संपलेला, तर विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे आशेचा तंतू अद्याप न तुटलेला. हिंदी व मराठी बोलपटांच्या संगीताचा इतिहास पाहू जाता ही सीमारेषा तेथे हळूहळू पुसट होत गेल्याचे दिसते. या बदलाचे कारण केवळ गीतातील शब्दांत किंवा रागाच्या निवडीत शोधणे पुरेसे नाही. एकाच भैरवीत भजन, विरहाची ठुमरी आणि मैफलीची सांगता ही तिन्ही शोभतात. यावरून शोकाचा अर्थ रागाला एकट्याने ठरवता येत नाही, हे उघड आहे. गाणारा कोठे आहे, तो कोणास उद्देशून गातो आणि त्याचा देह दिसतो की नाही, हा तिसरा घटक येथे निर्णायक ठरतो.

बोलपटाला जो वारसा मिळाला तो रंगभूमीचा. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती, आणि सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. सिंधूचे दुःख कथेत पती, मूल आणि दैव यांच्याभोवती फिरते; गायनाची दिशा मात्र प्रेक्षागृहाकडे असते. ध्वनिवर्धकाविना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचा असल्याने स्वर मोकळा व भरीव लागे. शिवाय करुण पदालाही ‘वन्समोअर’ मिळे आणि ते पुन्हा गाइले जाई. हा या परंपरेचा दोष नव्हे. येथे शोक हा सभेपुढे मांडावयाचा आणि सभेने एकत्र आस्वादावयाचा विषय होता. संबोधन पात्राचे असले, तरी श्रोता समोर बसलेला होता.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला, तेव्हा ही रीत पडद्यावर तशीच आली. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका व संगीत या दोन्ही जबाबदाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्याकडे होत्या. नट-नटींना छायाचित्रण चालू असतानाच गावे लागे आणि वादकांना चौकटीबाहेर बसवावे लागे. श्रोतृसमुदाय नाहीसा झाला होता. परंतु त्याला उद्देशून गाण्याची सवय गेलेली नव्हती.

या सवयीला पहिला विचारपूर्वक छेद १९३७ च्या ‘कुंकू’ने दिला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात वृद्ध विधुराशी विवाह लावून दिलेल्या नीरेची कहाणी आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यात पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाही. त्याऐवजी दृश्यातील वस्तूंचेच आवाज योजले. वाद्यवृंद दुःखाचा अर्थ सांगावयास येत नाही, म्हणून घरातील घड्याळाची टिकटिकच तो सांगू लागते. शोक सभेपुढे न मांडताही ऐकू येऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखविले.

दुसरी वाट कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये निघाली. १९३५ च्या ‘धूप छाँव’मध्ये रायचंद बोराल यांच्या संगीताखाली पार्श्वगायनाचा पद्धतशीर वापर झाला. गळा आणि देह आता वेगळे करता येत होते. तरीही १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये कुंदनलाल सैगल यांनी, वाजिद अली शाह याच्या नावावर सांगितली जाणारी भैरवीतील प्रसिद्ध ठुमरी, छायाचित्रण चालू असताना रस्त्याने चालत चालत प्रत्यक्ष गाइली. सासरी निघालेल्या कन्येच्या या निरोपगीताचा संबंध १८५६ मध्ये सुटलेल्या लखनौशी परंपरेने जोडला जातो. येथे विशेष असा की, संबोधन पित्याला आहे आणि पिता समोर नाही. सैगल यांचा स्वर त्या अनुपस्थित श्रोत्याला साजेल इतका हळू आहे. मायक्रोफोनने आवाज मोठा केला हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याने गायकाला लहान आवाजात गाण्याची मुभा दिली. त्यामुळे गीत बोलण्याच्या पट्टीजवळ आले, आणि रसिक हा ज्याला उद्देशून गाइले जाते तो न राहता, ज्याच्या कानावर सहज पडते तो झाला.

यापुढील पाऊल १९४९ च्या ‘महल’ने टाकले. कमाल अमरोही दिग्दर्शित या चित्रपटाचे संगीत खेमचंद प्रकाश यांचे होते. त्यातील मुख्य गीताचा आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. लता मंगेशकर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यासाठी त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभे राहून, गात गात पावलापावलाने त्याच्याकडे यावे लागले. अंतर हे येथे केवळ शब्दांनी सांगितले नाही. ते प्रत्यक्ष चालून ध्वनिमुद्रित केले गेले. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या नावाच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले. देहाविना आवाज आणि नावाविना गायिका, असा हा योग होता.

कथेत ही स्त्री मृत मानलेली आहे. मृत्यूनंतर आशा उरत नाही, म्हणून भरताच्या कसोटीने येथे करुण असावयास हवा. परंतु जी गेली तीच गात आहे, आणि तिचा आवाज जवळ येतो आहे. निरपेक्ष शोक अशा रीतीने सापेक्ष होतो. मरणाचे रूपांतर विरहात होते. ‘मधुमती’ (१९५८), ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) या चित्रपटांनी हाच साचा चालविला. त्यांचे संगीतकार अनुक्रमे सलिल चौधरी, हेमंतकुमार व मदनमोहन असे वेगवेगळे होते. पण बोलावणारा आवाज तिन्हींत लता मंगेशकर यांचाच होता. ती स्त्री मृत असो, वा मृत असल्याचा केवळ आभास असो, नायकाप्रमाणेच श्रोत्यालाही त्या आवाजामागे जावेसे वाटते.

या परिवर्तनात काही गमावलेही गेले. सिंधूच्या पदात शोकाचे साक्षीदार शेकडो होते; चित्रपटगीतात प्रत्येक श्रोता एकटाच आहे. तथापि, ज्याला परत आणता येत नाही त्याचा आवाज मात्र पुन्हा ऐकता येतो, हा अनुभव ध्वनिमुद्रणाच्या युगापूर्वी शक्य नव्हता. सैगल यांचे १९४७ मध्ये निधन झाले. त्यांची ती ठुमरी आजही ऐकली जाते. अशा श्रवणात करुण कोठे संपतो आणि विप्रलंभ कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे. म्हणून चित्रपटसंगीतातील शोकाचा अभ्यास करताना शब्द आणि राग यांबरोबरच, आवाज कोठून येतो, याची नोंद घेणे अगत्याचे ठरते.