निवालेल्या अग्नीचा मुलूख

ज्वालामुखीने घडविलेल्या बेटांवर सुटी घालविण्याची चाल आता जगभर रूढ झाली आहे. स्पेनच्या अमलाखालील लँझारोटे बेटावर १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे जी आग भूगर्भातून उसळत राहिली, तिच्या मागे उरलेल्या उष्णतेवर तेथील उपाहारगृहात आज मांस भाजून देतात, आणि ते कौतुक पाहण्यासाठी प्रवासी समुद्र ओलांडून जातात. आम्हां खानदेशकरांना याचे थोडे हसू येते. कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढवीत ज्या शिलारसाने दख्खन घडविले, त्याच्याच पाठीवर आमचे किल्ले आणि देवस्थाने उभी आहेत, आणि तरीही पायांखालचा हा काळा फत्तर एके काळी वाहत होता, याची आम्हांला सहसा आठवणही होत नाही.

धुळे-नंदुरबारच्या माळावर मात्र ती खूण लपत नाही. भेगांतून वर चढलेला रस आतच थिजला, कालांतराने भोवतालचा खडक झिजून गेला, आणि मागे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती राहिल्या. नवख्यास त्या एखाद्या विस्मृत राजाच्या तटबंदीचे अवशेष वाटाव्यात. माणसाने बांधलेला तट पाहावयाचा, तर धुळ्याहून आग्रा रस्त्याने दक्षिणेस तीनेक कोसांवर लळिंग आहे. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर आणि करवंद यांची जहागीर मिळविणाऱ्या मलिक राजा फारुकीने लळिंग थोरल्या मुलाला आणि थाळनेर धाकट्याला दिले. त्या थोरल्या नसीरखानाने पुढे अशीरगड काबीज केला खरा. परंतु १४३७ मध्ये बहामनी फौजेने मुलूख तुडविला, तेव्हा तो याच लळिंगच्या आश्रयाला आला, आणि त्याच वर्षी वारला. गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. वेढ्यात अडकलेल्या शिबंदीला तोफांपेक्षा त्या पाण्याचाच आधार अधिक असला पाहिजे. खाली कुरणात लांडोर बंगला आहे. धुळ्याच्या न्यायालयात कामानिमित्त आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी तेथे उतरले होते, आणि त्या तारखेस आजही तेथे जी गर्दी लोटते, ती फारुकी सुलतानांच्या वाट्याला कधी येणार नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यांत आधी पाटण्यास जावे. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरकुशीत, जेथे लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे उतरत येतात आणि पावसाळ्यात धवलतीर्थाचे पाणी त्यांवरून कोसळते, तेथे चंडिकेचे देऊळ आहे. याच पाटण्यास १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी यांना शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, असा त्याचा आशय. लेखाचा बराच भाग संस्कृत; परंतु वसुलीच्या तपशिलावर येताच तो मराठी होतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा हिस्सा मठाला, आणि तेल्याच्या घाण्यामागे पळीभर तेलही मठाला! भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचा अभ्यास ज्या दिव्याखाली चाले, त्याचे तेल कोठून येई, हे इतक्या निःसंकोचपणे सांगणारा दुसरा लेख माझ्या पाहण्यात नाही. भास्कराचार्य मूळचे येथलेच की नाहीत, हा वाद मी पंडितांवर सोडतो. मठ येथे होता, एवढे मला पुरे आहे.

उत्तरेस, चोपडे तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. नावातच ऊन आहे. शरभंग ऋषीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. प्राचीन ज्वालामुखीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ते अग्नी केव्हाच निवाले, आणि येथे भेगांतून खोल उतरलेले पावसाचे पाणी पृथ्वीच्या पोटातील उष्णता घेऊन परत येते, इतकेच. हिवाळ्यात पहाटे कुंडावर वाफ तरंगते. तेथे एक म्हातारा शेतकरी गोमुखाच्या धारेखाली पाय धरून बसला होता. त्याने तो झटकन मागे घेतला, “पानी लई ऊन शे,” असे स्वतःशीच म्हणाला, आणि दुसरा पाय पुढे केला.